प्रश्नोत्तराचे गद्य : ‘समाजस्वास्थ्य’ ते समाजमाध्यमे

लैंगिक आरोग्याच्या प्रसारासाठी समाजमाध्यमांचा उपयोग हा विषय आजवर वैद्यक, समाजकार्य आणि जनसंपर्क ह्या शाखांनी आपल्या अधिकारातला मानला आहे. एखादे चलच्चित्र किती लोकांनी पाहिले, किती जणांनी ते पुढे धाडले, ह्या आकड्यांवर तेथे कार्याचे मोल ठरते. परंतु हे कार्य अखेर भाषेतून घडत असते, आणि मराठीतून घडते तेव्हा त्याला मराठी गद्याचा एक पूर्वेतिहास लाभलेला असतो. जुलै १९२७ पासून संपादकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक मुंबईहून चालविले. लैंगिक ज्ञानाचा प्रसार हेच ज्याचे प्रमुख प्रयोजन, असे नियतकालिक इतकी वर्षे मराठीत निघत होते, ही गोष्ट आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून तेच कार्य करू पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते.

ह्या दोन माध्यमांची तुलना करावयाची ती कोण अधिक धीट हे ठरविण्यासाठी नव्हे. कर्व्यांचे धैर्य सर्वमान्य आहे. त्यावर चरित्रे लिहिली गेली आहेत, ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट २००१ साली निघाला आहे. ह्या धैर्याच्या कौतुकात कर्व्यांच्या गद्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. ‘समाजस्वास्थ्या’चे खरे सामर्थ्य त्यातील लेखांपेक्षा वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांत होते. तेथे बोलण्याचा आरंभ वाचक करीत असे. प्रश्न त्याचा, शब्द त्याचे, भीतीही त्याचीच; संपादक मागाहून येई. आजच्या प्रसारसाहित्यात हा क्रम उलटा झाला आहे, आणि त्याचा बराचसा दुबळेपणा ह्या एका उलटापालटीतून उद्भवला आहे.

कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२३ साली ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आणि ह्या कार्यामुळे महाविद्यालयाशी न पटल्याने १९२५ साली प्राध्यापकी सोडली. हा सर्व तपशील परिचित आहे. त्यातील गणिताचा उल्लेख मात्र केवळ चरित्रापुरता समजू नये. कर्व्यांच्या वाक्यरचनेवर त्या शास्त्राची छाप आहे. गृहीत काय, त्यापासून निष्पन्न काय, आणि कोणते विधान सिद्ध झालेले नाही, हे ते वेगवेगळे ठेवतात. विशेषणांची त्यांना हौस नाही. ज्या काळात ब्रह्मचर्याची महती गाणारे गद्य वीर्यनाशाच्या वर्णनांनी थरथरत असे, त्या काळात हा लेखक त्याच विषयावर प्रमेय सोडविल्याच्या स्वरात लिहितो. वाचकाला धीर येत असेल तर तो ह्या स्वरामुळे.

पत्रलेखक कोण होते आणि काय विचारीत होते, ह्याचा पद्धतशीर अभ्यास श्रीकांत बोत्रे व डग्लस हेन्स ह्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला आहे. त्यावरून असे दिसते की, पत्रे पाठविणारा वर्ग मुख्यतः मध्यमवर्गीय, शिक्षित पुरुषांचा होता, आणि हस्तमैथुन, वीर्यनाश, त्यापासून येणारे कल्पित दौर्बल्य, वैवाहिक सुखातील आपली अपात्रता ह्या चिंतांनी तो ग्रासलेला होता. चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब होतो, ही समजूत ज्याच्या मनात बालपणापासून घर करून बसली आहे, त्याला शरीरशास्त्रावरील व्याख्यान पुरत नाही. ‘माझे काय होणार’ हे त्याला हवे असते. छापील पानावर कोणा अनामिकाची हीच विवंचना आणि तिचे चार ओळींतले कोरडे उत्तर वाचावयास मिळाले, म्हणजे दुसऱ्या गावच्या वाचकाचाही प्रश्न न विचारताच सुटतो. एका व्यक्तीला दिलेले, पण सर्वांच्या देखत दिलेले उत्तर हा ह्या गद्यप्रकाराचा प्राण आहे.

ह्याच सदराने कर्व्यांना न्यायालयात नेले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असेल तर सामान्य वाचकाच्या शंकांना उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे, आणि अज्ञानातून किंवा विकृतीतून आलेल्या प्रश्नावरही ज्ञान हाच उपाय आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. साहित्याच्या अभ्यासकाने येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, वाद कोणा कथाकाराच्या कल्पनाविलासावर नव्हता. तो सामान्य माणसाच्या प्रश्नाला मुद्रणाचा हक्क आहे की नाही ह्यावर होता. मराठीतील अश्लीलतेच्या वादांचा इतिहास लिहिताना ललित वाङ्मयाचीच उदाहरणे पुढे केली जातात आणि हा प्रश्न मागे पडतो.

कर्व्यांच्या मर्यादाही त्यांच्या गद्यातच दिसतात. उत्तर देता देता ते धर्मावर आणि नीतिमार्तंडांवर तुटून पडतात, तेव्हा विचारणारा बाजूला राहतो. त्याहून मोठी उणीव स्त्रियांच्या आवाजाची. ‘शारदेची पत्रे’ हे सदर वाचताना मोकळेपणाने बोलणारी एक स्त्री भेटल्याचा आनंद होतो. पण शारदा म्हणजे स्वतः कर्वेच. त्यांचा हेतू उघडच चांगला होता. तरी स्त्रीने काय विचारावे हे पुरुषाने ठरविले, ही वस्तुस्थिती हेतूने झाकली जात नाही. अंगावरून पांढरे जाणे, पाळी चुकणे, संबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना, ह्यांविषयीचे प्रश्न स्त्रियांच्या स्वतःच्या वाक्यांत किती आले असते, ह्याची कल्पनाच करावी लागते.

कर्व्यांच्या मृत्यूनंतर ह्या विषयाचे गद्य प्रामुख्याने शासनाकडे गेले. लाल त्रिकोण, ‘हम दो, हमारे दो’, आणि १९६८ मध्ये आलेले ‘निरोध’ : पातंजल योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या संदर्भात आलेला शब्द कंडोमच्या पाकिटावर यावा, हा शब्दार्थाच्या प्रवासातला एक मौजेचा टप्पा आहे. ‘निरोध’ मराठीत सामान्यनाम होऊन बसला, हे त्या मोहिमेचे यश. पण घोषणेला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. भिंतीवरचे चार चेहरे बोलत होते, ऐकणाऱ्याने ऐकावे एवढीच अपेक्षा होती; आणि ऐकावयाचे होते ते लोकसंख्येविषयी. आरोग्य आणि सुख ह्यांना त्या चौकटीत जागा नव्हती.

अपवाद म्हणून २००२ च्या अखेरीस मुंबईत झळकलेल्या ‘बलबीर पाशा’ मोहिमेचा निर्देश करावयास हवा. बलबीर पाशाला एड्स होईल काय, असा प्रश्नच तेथे फलकावर लावला होता, आणि कोपऱ्यावरच्या कुजबुजीचा बाज त्याला दिला होता. रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी प्रश्न घातला की तो शहरभर फिरतो, हे त्या मोहिमेने दाखविले. तिने आणखी एक गोष्ट दाखविली. कुजबुजीबरोबर कुजबुजीचे पूर्वग्रहही येतात. रोगाचे मूळ स्त्रीच्या, त्यातही वेश्येच्या, ठिकाणी आहे असा ग्रह तिच्यातून दृढ होतो, असा आक्षेप घेतला गेला आणि तो निराधार नव्हता. समाजमाध्यमांवरील आजच्या साहित्याचे गुण आणि दोष ह्या एका उदाहरणात आधीच दिसू लागले होते.

२००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला शाळांत मज्जाव केला. पुढील दशकात स्वस्त भ्रमणध्वनी आणि त्याहून स्वस्त आंतरजाल हाती आले. शाळेने जे सांगितले नाही ते मुलांनी तेथे शोधले, ह्यात नवल नाही. पुण्याच्या ‘तथापि’ ह्या संस्थेने लैंगिकतेविषयी मराठीतून लिहिण्याचा व शंकांना उत्तरे देण्याचा उपक्रम केला. मुंबईत २०१५ साली सुरू झालेल्या ‘एजंट्स ऑफ इश्क’ ह्या उपक्रमाने संमतीसारखा विषय लावणीच्या बाजात मांडून दाखविला. शृंगाराची बोलकी भाषा मराठीत आधीपासून आहे, तिच्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही, ही जाण त्या लावणीच्या निवडीत दिसते. डॉक्टर मंडळी यूट्यूबवर आणि इन्स्टाग्रामवर बोलू लागली. प्रमाणाने पाहता आज एका आठवड्यात ह्या विषयावर जितके बोलले जाते तितके ‘समाजस्वास्थ्या’च्या सर्व वर्षांत मिळून छापले गेले नसेल.

नव्या माध्यमाचा एक गुण निर्विवाद आहे, तो वेगाचा. मासिकाला पाठविलेल्या पत्राचे उत्तर येण्यास महिना लागणार. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावयाची असते. २००५ पासून भारतात ती डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळू शकते. रात्री दोन वाजता घाबरलेल्या मुलीला हे तेव्हाच कळावयास हवे, पुढच्या अंकात नव्हे. अशा प्रसंगी पडद्यावरचे एक वाक्य आणि एक आकडा जे करतो ते कोणताही निबंध करू शकणार नाही. जेथे माहितीला मुदत आहे, तेथे समाजमाध्यमाचे गद्य सरस ठरते, आणि त्याला तोकडे म्हणून नावे ठेवणे हा समीक्षकाचा अरसिकपणा होईल.

अडचण सुरू होते ती जेथे भीतीला नाव नसते तेथे. मराठीत लैंगिक विषयावर बोलणाऱ्यापुढे शब्दांचे तीन साठे असतात. एक संस्कृताचा : शिश्न, योनी, स्खलन, हस्तमैथुन. दुसरा शिवीगाळीचा, तो सर्वांना ठाऊक, पण दवाखान्यात निरुपयोगी. तिसरा इंग्रजीचा, जो शहरी वक्त्याला सभ्य वाटतो. ह्या तिन्हींच्या पलीकडे घरातल्या बायकांनी आणि गावातल्या माणसांनी जपलेला चौथा साठा आहे, आणि प्रसारसाहित्याने त्यालाच सर्वांत कमी हात लावला आहे. अंगावरून जाणे, कावळा शिवणे, अडचण असणे, दिवस जाणे, दिवस राहणे, पाळणा लांबविणे, धातू जाणे. हे शब्द निर्दोष नाहीत. ‘कावळा शिवणे’ ह्यात विटाळ आहे. ‘धातू जाणे’ ह्यात एक संपूर्ण चुकीचे शरीरशास्त्र आहे. ‘स्वप्नदोष’ ह्या संस्कृत वळणाच्या शब्दाने तर निकाल आधीच दिलेला असतो. कर्व्यांनाही आपल्या पुस्तकाच्या नावात ‘गुप्तरोग’ हा शब्द वापरावा लागला, आणि त्या शब्दातील ‘गुप्त’ हे पदच रोग्याला डॉक्टरपासून दूर ठेवते. तरीही विचारणारा ह्याच शब्दांतून विचारतो. ‘अंगावरून पांढरं जातं’ असे बाई म्हणते तेव्हा तिच्या मनात अशक्तपणा, हाडे झिजणे, आणि कदाचित नवऱ्यावरचा संशयही असतो. त्यावर ‘योनिस्राव ही नैसर्गिक प्रक्रिया आहे’ असे पडद्यावर उमटले तर विधान खरे असून उत्तर चुकते. थोडा पांढरा स्राव रोजचाच असतो. खाज, दुर्गंधी, रंगातील पालट किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर तपासून घ्यावे. आणि ह्यात हाडे झिजत नाहीत, हे तिच्याच शब्दांच्या माळेत गुंफून सांगावे लागते. पहिले उत्तर इंग्रजीतून भाषांतरित होऊन येते. दुसऱ्यासाठी प्रश्न आधी ऐकलेला असावा लागतो.

ह्याच कारणाने ‘गैरसमज आणि वस्तुस्थिती’ ही आज अतिशय लोकप्रिय झालेली मांडणी सदोष ठरते. डाव्या बाजूला लोकांची चूक, उजव्या बाजूला तज्ज्ञाचे सत्य. ही मांडणी ज्याने आधीच सत्य स्वीकारले आहे त्याला सुखावते. ज्याचा खरोखर तो समज आहे, तो आपले नाव मूर्खांच्या रकान्यात पाहून पुढे सरकतो. कर्वे वाचकाच्या समजुतीला चूक म्हणत. पण ती समजूत सबंध पत्राच्या संदर्भात, एका व्यक्तीची म्हणून, आधी समोर आलेली असे. तुलनेसाठी रेल्वेच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर चिकटविलेली भोंदू वैद्यांची पत्रके पाहावीत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांविषयीच्या कायद्याने लैंगिक शक्तीच्या औषधांच्या अशा जाहिराती निषिद्ध केल्या, तरी ती पत्रके टिकून आहेत. त्यांचे शास्त्र खोटे असते. त्यांचे पहिले वाक्य मात्र अचूक असते, कारण ते वाचणाऱ्याच्या भीतीपासून सुरू होते. तारुण्यातील चुकांचा उल्लेख केला की पुढील मजकूर तो माणूस वाचणारच. हे वाङ्मयीन कौशल्य भोंदूकडे असावे आणि सुविद्य प्रसारकाकडे नसावे, ह्याची किंमत कोणीतरी उपचारांच्या नावाखाली पैशांनी आणि शरीराने भरीत असतो.

मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात डॉ. महिंदर वत्स ह्यांनी २००५ पासून, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, चालविलेले प्रश्नोत्तरांचे सदर ह्या संदर्भात आठवते. ते २०२० च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांची मिस्किल उत्तरे पुढे समाजमाध्यमांवर सर्वत्र फिरली, पण फिरली ती विनोद म्हणून. उत्तर प्रश्नापासून तोडून एकटे फिरविले की त्यातील वैद्य नाहीसा होतो आणि केवळ फिरकी उरते. नव्या माध्यमातील पुष्कळ वक्ते आज ह्या फिरकीचेच अनुकरण करतात.

आणखी एक बाब नियमनाची. कायद्याचा विचार केला तर आजचा लेखक कर्व्यांपेक्षा सुस्थितीत आहे. विज्ञानाच्या व विद्येच्या हितासाठी केलेले लेखन अश्लीलतेच्या कलमातून वगळणारी तरतूद १९६९ मध्ये दंडसंहितेत आली, माहिती तंत्रज्ञान कायद्यातही तशा अर्थाचा अपवाद आहे, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १८६८ चा हिक्लिन निकष बाजूस सारला. पण समाजमाध्यमावर पहिला निवाडा न्यायालय करीत नाही. कंपनीचे नियम आणि ते राबविणारी यंत्रणा करते. शब्द ओळखून मजकूर दडपला जातो, ह्या धास्तीने लेखक अक्षरांच्या जागी फुल्या आणि आकडे घालतात, इंद्रियांऐवजी फळांची चित्रे वापरतात. ज्या अवयवाचे नाव निःसंकोचपणे घ्यावे असा उपदेश करावयाचा, त्याचेच नाव फुलीने झाकून लिहावयाचे! १९३४ साली आंबेडकरांचा युक्तिवाद फेटाळला गेला, पण तो ऐकून घेण्यात आला आणि म्हणून तो आजही वाचता येतो. यंत्रणेपुढे युक्तिवादाला उभे राहण्यास जागा नसते. मग लेखक आपणच आधी भाषा मऊ करून घेतो, आणि काही वर्षांत ती मऊ भाषा त्याची स्वाभाविक भाषा होते.

स्त्रियांच्या प्रश्नाचे काय झाले, हे पाहिल्यावाचून तुलना पुरी होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आंतरजाल कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के आढळले. हे आकडे देशाचे आहेत आणि ते त्यानंतर वाढलेही असतील; तथापि भ्रमणध्वनी घरात एक असतो आणि तो कोणाच्या हाती असतो, ही गोष्ट टक्केवारीत पुरती उतरत नाही. सासूने किंवा मुलाने मागितला की द्यावा लागणाऱ्या फोनवर बाई काय विचारणार? ज्या स्त्रियांच्या हाती स्वतंत्र फोन आहे त्या मात्र खरोखर विचारू लागल्या आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मराठी चलच्चित्रांखाली त्या आपल्या पाळीविषयी, दुखण्याविषयी, नवऱ्याच्या हट्टाविषयी लिहितात. कधी शुद्धलेखनाची पर्वा न करता, कधी रोमन अक्षरांत, पण स्वतःच्या वाक्यांत. शारदेला जे नाव उसने घ्यावे लागले ते त्यांना लागत नाही. ह्या माध्यमाने मराठीला दिलेली ही सर्वांत मोलाची देणगी आहे, आणि ती तज्ज्ञांच्या मजकुरात नसून त्याच्या खालच्या ओळींत आहे. दुर्दैवाने बहुतेक प्रश्नांखाली उत्तराची जागा रिकामी असते. वक्ता पुढच्या विषयाकडे गेलेला असतो. कर्व्यांच्या मासिकात पत्र हा अंकाचा भाग होता. येथे प्रश्न मजकुराचा तळ होऊन पडतो.

प्रश्न मागविण्याची सोय इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये केली आणि काही डॉक्टर तिचा चांगला उपयोग करतात. ‘समाजस्वास्थ्या’च्या सदराच्या सर्वांत जवळ जाणारे रूप हेच. तेथे प्रश्न आधी येतो, विचारणाऱ्याचे नाव झाकले जाते, आणि उत्तर सर्वांना दिसते. फक्त ते २४ तास दिसते. मुद्दाम राखून न ठेवल्यास नाहीसे होते. ‘समाजस्वास्थ्या’चे अंक उरले म्हणून बोत्रे व हेन्स ह्यांना नव्वद वर्षांपूर्वीच्या तरुणाची भीती त्याच्या शब्दांत वाचता आली. आजच्या प्रश्नांचा संग्रह कोणत्याही मराठी ग्रंथालयात होत नाही. विचारणारीची ओळख पुसून, तिच्या संमतीच्या मर्यादा सांभाळून, हे प्रश्न जमविण्याचे काम भाषाविभागाला करता येण्याजोगे आहे. ते झाले तर ‘अंगावरून जाणे’ ह्या एका प्रयोगाचे नागपूर, लातूर आणि सावंतवाडी येथील अर्थ तरी प्रथमच शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील, आणि उत्तर लिहिणाऱ्या डॉक्टरच्या हाती ते देता येतील.